ओस पडलेली की ओस पाडलेली? : स्पेनमधील गावांची शांतता आणि एकटे वाटसरू

पाठीवर एक पिशवी, खिशात नकाशा आणि सोबतीला कोणीही नाही, अशा रीतीने स्पेनच्या अंतर्भागातील लहान गावांतून हिंडणारा प्रवासी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बार्सेलोना, सेविया, ग्रानादा येथील गर्दीला विटलेली माणसे सोरिया, तेरुएल, ग्वादालाहारा, लेओन या प्रांतांची वाट धरतात. दुपारची वेळ, चौकातल्या दगडी कमानी, बंद खिडक्या, चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचे घरटे, सावलीतल्या बाकावर बसलेली दोन-तीन वृद्ध माणसे. प्रवासी परतल्यावर या गावांविषयी जे काही सांगतो त्यात एक विशेषण हमखास असते : शांत. निसर्गवर्णनात वापरावे तसे तो ते वापरतो. डोंगर उंच असतो, नदी वाहती असते, तसेच जणू गाव शांत असते.

प्रस्तुत लेखात आम्हांला या विशेषणाचा इतिहास पाहावयाचा आहे. स्पेनमधील गावांतून हिंडून लिहिण्याची एक सलग परंपरा विसाव्या शतकात निर्माण झाली. असोरीन, माचादो, सेला, गोयतिसोलो, यामासारेस ही तिच्यातली ठळक नावे. यांतील जवळजवळ प्रत्येकाने गावाची शांतता ऐकली आणि शब्दांत पकडली. परंतु प्रत्येकाच्या काळी ती वेगळ्या कारणाने निर्माण झालेली होती. दारिद्र्याची शांतता, भीतीची शांतता आणि निर्मनुष्यतेची शांतता कानाला सारखीच लागते. त्यांतला फरक ओळखण्यास नुसता कान पुरत नाही, इतिहास ठाऊक असावा लागतो. एकटा वाटसरू हा या शांततेचा साक्षीदार खरा. परंतु तिच्याकडे सौंदर्य म्हणून पाहण्याची सवयही आपल्याला त्यानेच लावली आहे. म्हणूनच ही पुस्तके वाचताना शांततेचे कारण विचारणे हे वाचकाचे काम ठरते.

१

आधी एका फार जुन्या प्रश्नावलीविषयी सांगितले पाहिजे. १५७५ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने कास्तीयमधील गावांना पन्नासहून अधिक प्रश्नांची एक यादी पाठवली. प्रत्येक गावाने आपल्यातली दोन जाणती माणसे बसवावीत आणि त्यांनी उत्तरे लिहवून द्यावीत, अशी आज्ञा होती. गावाचे नाव कसे पडले, पाणी कोठून येते, काय पिकते, देवस्थाने कोणती, असे नाना प्रश्न त्यात होते. त्यांतला एक प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. गावात घरे व कुटुंबे किती, पूर्वी याहून अधिक होती की कमी, आणि घट झाली असल्यास ती कशामुळे? राजाला कर हवा होता, सैनिक हवे होते. त्याला गावाच्या सुखदुःखाची चिंता होती असे मानण्याचे कारण नाही. तरीही प्रश्न नेमका होता, आणि उत्तर देणारा गावातलाच माणूस होता. कोणी साथीच्या रोगाचे कारण सांगितले, कोणी जमिनीच्या टंचाईचे. कारण सांगता येते, एवढे त्या कागदांत गृहीत होते.

या कागदांची आठवण होण्याचे कारण असे की, आधुनिक वाटसरूंच्या परंपरेतील पहिला मोठा लेखक ही दप्तरे वाचून मगच गावात शिरला होता. १९०५ साली ‘डॉन किहोटे’च्या पहिल्या भागाला तीनशे वर्षे पूर्ण होत होती. ‘एल इम्पार्सियाल’ या माद्रिदच्या वृत्तपत्राचे संपादक होसे ओर्तेगा मुनिया यांनी त्या निमित्ताने आपल्या एका तरुण लेखकाला ला मांचा प्रदेशात धाडले. हा लेखक म्हणजे होसे मार्तिनेस रुइस, टोपणनाव असोरीन. तो आगगाडीने आर्गामासिया दे आल्बा येथे उतरला, तेथून भाड्याच्या गाडीने पुएर्तो लापिसे, रुइदेरा, मोन्तेसिनोसची गुहा, काम्पो दे क्रिप्ताना, एल तोबोसो असा फिरला आणि मार्च १९०५ मध्ये त्याचे पंधरा लेख प्रसिद्ध झाले. त्यांचेच पुढे ‘डॉन किहोटेचा मार्ग’ हे पुस्तक झाले.

असोरीनची वाक्ये आखूड असतात. तो घड्याळाची टिकटिक ऐकतो, दूरवर भुंकणारे कुत्रे ऐकतो, रस्त्याच्या टोकाशी नाहीशी होणारी काळ्या वस्त्रांतली बाई पाहतो. आर्गामासियामध्ये दिवस इतके सारखे आहेत की, एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. एल तोबोसो, जेथे डुल्सिनिया राहत होती असे डॉन किहोटे मानत असे, ते त्याला पडक्या भिंतींचे गाव म्हणून भेटते. १८९८ साली स्पेनने क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले होते. राष्ट्राची इच्छाशक्तीच मेली आहे काय, हा त्या पिढीचा छळणारा प्रश्न होता. ला मांचाच्या निश्चल गल्ल्यांत असोरीनला त्या प्रश्नाचे चित्र सापडले. १५७५ च्या उत्तरांचा आधार घेऊन तो आर्गामासियाचा स्वभाव उलगडतो. रोगराईने हैराण होऊन जागा बदलत आलेले हे गाव, म्हणून त्याच्या अंगी ही भयाकुल, आरंभशूर वृत्ती आली, असे तो सुचवतो. युक्तिवाद सुंदर आहे. परंतु येथेच एक महत्त्वाची अदलाबदल घडते. जुन्या प्रश्नावलीत कारणाची अपेक्षा होती. असोरीनच्या हाती त्या कारणाचा ‘स्वभाव’ होतो. जमीन कोणाची, मजुरी किती, शाळा आहे काय, हे प्रश्न मागे पडतात आणि गावाचा आत्मा पुढे येतो.

असोरीनला हे दिसत नव्हते असे मात्र नाही. त्याच वर्षी वसंतात दुष्काळाने पोळलेल्या आंदालुसियात तो गेला. लेब्रिखा येथील शेतमजुरांची उपासमार आणि क्षयरोग यांविषयी त्याने लिहिलेले लेख ‘आंदालुसियाची शोकांतिका’ या नावाने ओळखले जातात. ती मालिका चारदोन लेखांतच थांबली. घड्याळाच्या टिकटिकीविषयीचे पंधरा लेख छापून आले आणि भाकरीविषयीचे फार काळ चालले नाहीत, ही गोष्ट पुढील सबंध परंपरेविषयी बरेच काही सांगून जाते.

२

आन्तोनिओ माचादो हा प्रवासी नव्हता. नोकरीच्या निमित्ताने तो लहान गावात येऊन राहिला. १९०७ साली फ्रेंचचा अध्यापक म्हणून तो सोरियात आला. तेव्हा ते जेमतेम सात हजार वस्तीचे प्रांतिक ठाणे होते. तेथेच १९०९ मध्ये त्याचे लेओनोरशी लग्न झाले आणि १९१२ च्या ऑगस्टमध्ये क्षयाने तिचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ‘कास्तीयची शेतभूमी’ हा त्याचा कवितासंग्रह निघाला होता. पत्नीच्या मृत्यूनंतर त्याने सोरिया सोडले.

१९१० साली तो दुएरो नदीच्या उगमाकडे गेला होता. त्या प्रवासातून ‘आल्वारगोन्सालेसची भूमी’ हे दीर्घ कथाकाव्य आले. जमिनीच्या लोभाने बापाला मारणाऱ्या दोन मुलांची ती गोष्ट आहे. परंतु आपल्याला येथे तिसरा मुलगा मिगेल महत्त्वाचा वाटतो. तो अमेरिकेत जातो, पैसा मिळवून परततो आणि भावांची नापीक झालेली जमीन विकत घेतो. म्हणजे कास्तीयच्या उजाड पठाराचे महाकाव्य लिहितानाही माचादोला ठाऊक होते की, या गावांतून माणसे समुद्रापार जात आहेत आणि गावाचे भवितव्य बाहेर मिळवलेल्या पैशावर ठरू लागले आहे. त्याच्या निसर्गचित्रात पीक आणि कर्ज दोन्ही आहेत. या कवितेला नुसते निसर्गकाव्य म्हणून शिकवले जाते तेव्हा तिच्यावर अन्याय होतो, असे आम्हांला वाटते.

पुढे दुसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळात याच माचादोचे नाव एका वेगळ्या प्रकारच्या ग्रामप्रवासाशी जोडले गेले. मे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या ‘शैक्षणिक मोहिमां’च्या नियामक मंडळावर तो होता, अध्यक्षस्थानी मान्युएल बार्तोलोमे कोस्सियो हे वृद्ध शिक्षणतज्ज्ञ होते. विद्यार्थी आणि शिक्षक खेचरांवर पुस्तके, चित्रपटयंत्रे, ग्रामोफोन आणि प्रादो संग्रहालयातील चित्रांच्या प्रतिकृती लादून दुर्गम गावांत जात. पाच वर्षांत पाच हजारांहून अधिक छोटी ग्रंथालये गावोगाव दिली गेली. या प्रवाशांनी गावाच्या शांततेवर निबंध लिहिले नाहीत. ते तेथे गाणी आणि नाटके घेऊन गेले. भुकेल्या गावाला वेलास्केसच्या चित्राचा काय उपयोग, असा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु गावकरी हा दृश्याचा भाग नसून प्रेक्षक आहे, वाचक आहे, ही कल्पना या मोहिमांनी मांडली. १९३६ च्या यादवी युद्धाने ती संपवली. माचादो १९३९ च्या फेब्रुवारीत, सीमा ओलांडून काही आठवड्यांतच, फ्रान्समधल्या कोलिऊर गावी वारला.

३

त्या युद्धाच्या आदल्या वर्षी एक इंग्रज तरुण या देशातून पायी चालत गेला. लॉरी ली जुलै १९३५ मध्ये गालिसियाच्या विगो बंदरात उतरला. वय एकवीस, जवळ एक व्हायोलिन आणि स्पॅनिश भाषेतले एकच वाक्य, तेही पेलाभर पाणी मागण्यापुरते. सामोरा, तोरो, वायादोलिद, सेगोविया, माद्रिद, तोलेदो असा तो दक्षिणेकडे आला. चौकात व्हायोलिन वाजवावे, टोपीत पडलेल्या नाण्यांवर दिवस काढावा, धर्मशाळेवजा खाणावळीत जनावरांशेजारी झोपावे, असा हा प्रवास होता. आजच्या पाठपिशवीवाल्या प्रवाशाचा तो पूर्वज मानला जातो, ते योग्यच आहे.

परंतु त्याचे पुस्तक काळजीपूर्वक वाचणाऱ्याला एक गोष्ट चकित करते. त्यातली गावे शांत नाहीत. मुले त्याच्या मागे धावतात, म्हाताऱ्या चौकशा करतात, रात्री चौकात माणसे दाटीने फिरतात. गरिबी सर्वत्र आहे आणि तरीही कोलाहल आहे. समुद्रकाठच्या आल्मुन्येकार गावात तो हिवाळा काढतो आणि १९३६ च्या निवडणुकीपासून युद्ध पेटेपर्यंतचा काळ तेथेच पाहतो. शेवटी ब्रिटिश युद्धनौका त्याला उचलून नेते. हे पुस्तक निघाले १९६९ मध्ये. फ्रँको तेव्हा जिवंत होता. म्हणून लीने आल्मुन्येकारला ‘कास्तियो’ हे खोटे नाव दिले, तेथील माणसे ओळखू येऊ नयेत यासाठी. तेहेतीस वर्षांनंतरही गावाचे खरे नाव उच्चारता येत नव्हते, हीदेखील गावाच्या शांततेच्या इतिहासातली एक नोंद आहे. ही शांतता मात्र गल्लीतली नव्हे, छापील पानावरची.

४

आता आपण या परंपरेतल्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकापाशी येतो. जून १९४६ मध्ये कामिलो होसे सेला माद्रिदच्या ईशान्येला असलेल्या आल्कारिया या प्रदेशात दहा दिवस हिंडला. तोरिखा, ब्रिउएगा, सिफुएन्तेस, त्रियो, बुदिया, साकेदोन, पास्त्राना ही त्यातली मुख्य ठिकाणे. ‘आल्कारियाची वाटचाल’ हे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्पॅनिश प्रवासवर्णनाचा तो मानदंड ठरला. सेला स्वतःला ‘मी’ म्हणत नाही, ‘वाटसरू’ म्हणतो. हा वाटसरू झोळी घेऊन एकटा चालतो, कधी खेचरगाडीत बसतो, झाडाखाली झोपतो, फिरत्या विक्रेत्यांशी आणि गावच्या खुळ्यांशी गप्पा मारतो. निवेदन कोरडे, थट्टेखोर आणि विलक्षण नेमके आहे.

प्रत्यक्षात मात्र हा वाटसरू सर्व वाटेवर एकटा नव्हता. कार्ल व्लासाक हा छायाचित्रकार आणि कोन्चिता स्तिखानेर या दोघांनी प्रवासाच्या काही भागात त्याला सोबत केली होती. पुस्तकात ती दोघे नाहीत. लेखकाला खोटे ठरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. एकटेपणा हा या वाङ्मयप्रकाराचा संकेत आहे, हे यावरून ध्यानात यावे. असोरीनच्या शेजारीही गाडीवान होताच. वाटसरू एकटा असला की समोरचे गाव अखंड, स्वयंपूर्ण आणि काहीसे अगम्य दिसू लागते. दोघे असले की आपसांत बोलणे सुरू होते, आणि बोलण्यात प्रश्न येतात.

प्रश्न न येण्यास दुसरेही सबळ कारण होते. तोरिखा आणि ब्रिउएगा ही नावे १९३७ च्या मार्चमध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली होती. ग्वादालाहाराच्या लढाईत मुसोलिनीने पाठवलेल्या इटालियन तुकड्यांना प्रजासत्ताकाच्या सैन्याने याच पट्ट्यात रोखले होते. सेला तेथून चालत गेला तेव्हा त्या घटनेला अवघी नऊ वर्षे झाली होती. देशात शिधापत्रिका चालू होत्या. त्या १९५२ पर्यंत राहिल्या. त्या दशकाला स्पॅनिश लोक आजही ‘भुकेची वर्षे’ म्हणतात. सेला फ्रँकोच्या बाजूने लढलेला होता आणि काही काळ त्याने नियतकालिकांचा सेन्सॉर म्हणून कामही केले होते. त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या ‘पास्कुआल दुआर्तेचे कुटुंब’ या कादंबरीची दुसरी आवृत्ती जप्त झाली होती. काय लिहिता येते आणि काय नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणून आल्कारियाच्या पुस्तकात युद्ध ओझरते येते. भिंती पडक्या आहेत, माणसे मोजके बोलतात, आणि ती मोजकेच का बोलतात हे वाटसरू विचारत नाही. सेलाच्या शैलीतला संयम आपण वाखाणतो. त्या संयमात किती वाटा कलेचा आणि किती वाटा काळाचा, हे ठरवणे आजही कठीण आहे. आमच्या मते याच संदिग्धतेत त्या पुस्तकाचे मोठेपण आहे.

सेला १९८५ मध्ये याच वाटेने पुन्हा गेला. या वेळी तो पायी न जाता रोल्स रॉइस मोटारीत बसून गेला, आणि सोबत महिला चालक होती. ‘आल्कारियाची नवी वाटचाल’ १९८६ मध्ये निघाले. १९८९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीच्या थाटाची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. परंतु दोन प्रवासांच्या मधल्या चाळीस वर्षांत आल्कारियाचे काय झाले, ही गोष्ट मोटारीपेक्षा मोठी होती. १९५० च्या दशकात ताखो व ग्वादिएला नद्यांवर एन्त्रेपेन्यास आणि बुएन्दिया ही धरणे झाली. खोऱ्यातल्या बागायती जमिनी पाण्याखाली गेल्या. सान्ता मारिया दे पोयोस हे गाव पूर्ण बुडाले आणि त्याच्या रहिवाशांना दूर वायादोलिद प्रांतात नेऊन वसवण्यात आले. १९७९ पासून या जलाशयांचे पाणी कालव्याने आग्नेय स्पेनच्या शेतांकडे वळवले जाऊ लागले. नकाशावर त्या पाण्याला ‘कास्तीयचा समुद्र’ असे लाडके नाव मिळाले.

५

१९५९ च्या स्थिरीकरण योजनेनंतर स्पेनची अर्थव्यवस्था झपाट्याने औद्योगिक झाली. १९६० मध्ये पश्चिम जर्मनीशी कामगारांविषयी करार झाला. माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ यांच्या कडेला वस्त्या वाढल्या, आणि फ्रँकफर्ट, झुरिक, पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्या पुठ्ठ्याच्या पेट्यांनी भरू लागल्या. सोरिया प्रांताची लोकसंख्या १९५० मध्ये दीड लाखाहून अधिक होती. आज ती नव्वद हजारांच्या आसपास आहे. एका चौरस किलोमीटरमध्ये नऊ माणसे. माचादोच्या सोरियाची शांतता आणि आजच्या सोरियाची शांतता या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या निर्गमनाच्या उंबरठ्यावर हुआन गोयतिसोलोने ‘निहारची शेतभूमी’ लिहिले. बार्सेलोनात वाढलेल्या या लेखकाने आल्मेरियाच्या कोरड्या प्रदेशातील आपल्या अनेक फेऱ्या तीन दिवसांच्या एका भटकंतीत गुंफल्या; पुस्तक १९६० मध्ये आले. त्याचा निवेदकही एकटाच आहे. परंतु येथे गावकरी दृश्य होऊन थांबत नाहीत. हा पाहुणा कातालान प्रदेशातला आहे असे कळताच ते त्याला विचारू लागतात : तिकडे काम मिळते काय? आम्हांला नेशील काय? वाटसरू गावाकडे येतो आहे आणि गाव त्याच रस्त्याने बाहेर पडू पाहते आहे. या परंपरेतील इतक्या पुस्तकांत गावकऱ्याने वाटसरूला प्रश्न विचारल्याचा आणि वाटसरूपाशी उत्तर नसल्याचा एवढा ठसठशीत प्रसंग दुसरा नाही. सेन्सॉरमुळे गोयतिसोलोलाही सारे उघड बोलता आले नाही; त्याच प्रांतावरचे ‘ला चान्का’ हे त्याचे पुढचे पुस्तक १९६२ मध्ये पॅरिसमध्ये छापावे लागले.

इतिहासाची एक वक्रोक्ती येथे नोंदवली पाहिजे. निहार ओस पडले नाही. भूगर्भातले पाणी आणि प्लॅस्टिकचे आच्छादन यांच्या जोरावर तेथे हरितगृहांची शेती उभी राहिली. आज त्या पालिकाक्षेत्रात तीस हजारांहून अधिक माणसे राहतात आणि भाजी तोडणाऱ्यांत मोरोक्कोहून आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे ‘कोरडे गाव रिकामे होणारच’ हा नियम नव्हे. कोठे पाणी न्यावयाचे आणि कोठून काढावयाचे, हे माणसांनी ठरवलेले असते.

६

पाणी कोठून काढावयाचे या निर्णयाने ज्याचे जन्मगावच नेले, अशा लेखकाकडे आता वळू. हूलिओ यामासारेस १९५५ मध्ये लेओन प्रांतातल्या वेगामियान येथे जन्मला. वडील तेथे शाळामास्तर होते. १९६८ मध्ये पोर्मा नदीवरील धरणाने ते गाव आणि आसपासची काही गावे बुडवली. हे धरण बांधणारा अभियंता होता हुआन बेनेत, म्हणजे विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ स्पॅनिश कादंबरीकारांपैकी एक. ‘तू रेखियोनला परतशील’ या १९६७ च्या कादंबरीत त्याने एक कोसळता, वाट हरवलेला डोंगराळ मुलूख निर्माण केला आणि त्याच सुमारास त्याच्या देखरेखीखाली एका खऱ्या डोंगराळ मुलखात पाणी चढत होते. आज त्या जलाशयाला बेनेतचेच नाव आहे. एकाच दरीतून एका लेखकाला कादंबरी आणि दुसऱ्याला निर्वासन मिळाले, असे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच असेल.

१९८१ च्या उन्हाळ्यात यामासारेस शेजारच्या कुरुएन्यो नदीकाठाने पायी निघाला. ही त्याच्या आजोळ-घराण्याची, बालपणीच्या सुट्ट्यांची दरी. ‘विस्मृतीची नदी’ हे पुस्तक १९९० मध्ये आले. सेलाप्रमाणे तोही स्वतःला ‘वाटसरू’च म्हणतो; परंतु या तृतीय पुरुषाचा अर्थ आता पालटला आहे. सेलाचा वाटसरू परका असून ऐटीत परका राहतो. यामासारेसचा वाटसरू मुळात तेथलाच असून परका झालेला आहे. लोक त्याला ओळखू पाहतात, कोणाचा तू म्हणून विचारतात. तो ज्या शांततेतून चालतो तिच्यात त्याच्या स्वतःच्या कुटुंबाचे निघून जाणे मिसळलेले आहे.

मधल्या काळात, १९८८ मध्ये, त्याची ‘पिवळा पाऊस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. पिरेनीज पर्वतातल्या आइन्येये गावी मागे राहिलेला शेवटचा माणूस आन्द्रेस आपली आणि गावाची अखेर सांगतो. येथे वाटसरू नाहीच. इतकी वर्षे ज्याला बाकावर बसलेला पाहिले, तो वृद्ध आता स्वतः बोलतो आहे. शांतता बाहेरून ऐकण्याऐवजी आतून ऐकल्यावर ती कशी असते, ते या कादंबरीत कळते : तिच्यात भूक आहे, वेडाची चाहूल आहे आणि गेलेल्या मुलाविषयी कधीच न विझलेला राग आहे. आइन्येये हे गाव खरोखर आहे. तेथील वस्ती १९७१ मध्ये संपली. कादंबरी वाचून अनेक वाचक ओलिवानहून डोंगर चढून त्या पडक्या घरांपर्यंत चालत जातात. एकट्या वाटसरूने लिहावे आणि गावाने ऐकून घ्यावे, हा क्रम येथे उलटला आहे. आता गाव लिहिले गेले आहे आणि वाटसरू ते वाचून तेथे येतो.

७

वाटसरू गावाला काही देऊ शकतो काय? सान्तियागोच्या यात्रामार्गाचे उदाहरण या ठिकाणी हमखास दिले जाते. बाराव्या शतकातील ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखितात ज्याची वाटदर्शिका आहे असा हा मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ विस्मरणात गेला होता. १९८४ मध्ये ओ सेब्रेइरो येथील धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी वाटेवर पिवळे बाण रंगवण्यास आरंभ केला. १९८७ मध्ये युरोप परिषदेने त्याला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये चार लाख चाळीस हजारांहून अधिक यात्रेकरूंनी सान्तियागोला पोचल्याचे प्रमाणपत्र घेतले. फोन्सेबादोनसारखे जवळजवळ निर्मनुष्य झालेले गाव यात्रेकरूंच्या निवासांमुळे पुन्हा उभे राहिले. हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. परंतु हा जीव एका रेषेपुरता आहे. बाण जेथून जात नाही त्या बाजूच्या दरीत शाळा पुन्हा उघडलेली नाही. शिवाय यात्रेकरू सकाळी निघून जातो; डॉक्टर, शिक्षक आणि तरुण जोडपी यांच्या राहण्यावर गाव टिकते.

२०१६ मध्ये सेर्हिओ देल मोलिनो या पत्रकार-लेखकाने ‘रिकामा स्पेन’ हे पुस्तक लिहिले आणि या विषयाला देशव्यापी नाव मिळाले. सरकारी आकडे आणि कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून त्याने दाखवले की, शहरात गेलेल्यांची मुले-नातवंडे मनाने अजून त्या गावांत राहतात. रिकामा स्पेन भूमीत आहे त्याहून अधिक कुटुंबांच्या स्मृतीत आहे. पुस्तक गाजले आणि लागलीच त्याच्या शीर्षकावर आक्षेप आला. तो व्याकरणाचा आक्षेप होता. ‘वासिया’ म्हणजे रिकामा. ‘वासियादा’ म्हणजे रिकामा केलेला. ३१ मार्च २०१९ रोजी माद्रिदच्या रस्त्यांवर लहान गावांतली हजारो माणसे उतरली, ती ‘रिकाम्या केलेल्या स्पेन’च्या नावाने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’, या नागरिकांच्या गटाने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा जिंकली. जानेवारी २०२० मध्ये पेद्रो सान्चेस १६७ विरुद्ध १६५ मतांनी पंतप्रधान झाले तेव्हा त्या एका मताचे वजन सर्वांना कळले.

विशेषण आणि धातुसाधित यांतला हा वाद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. गाव ओस पडते, असे आपण म्हणतो. आणि गाव ओस पाडले, असेही म्हणतो. एका आकाराचा फरक आहे. पहिल्या वाक्याला कर्ता नको असतो. पाऊस पडतो, भिंत पडते, तसे गाव ओस पडते. दुसऱ्या वाक्यात कर्ता शोधावा लागतो : धरण कोणी बांधले, रेल्वेचा फाटा कोणी बंद केला, शाळा कोणत्या हिशेबाने बंद झाली. असोरीनपासून सेलापर्यंतचे गद्य बहुतांशी पहिल्या वाक्याचे गद्य आहे. गोयतिसोलो आणि यामासारेस यांनी ते दुसऱ्या वाक्याकडे वळवले. पहिल्या वाक्याने थोर साहित्य निर्माण केले, हे आम्ही नाकारत नाही. असोरीनची ती संथ दुपार एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. परंतु ती दुपार अभ्यासणाऱ्याने त्याच वर्षीचे लेब्रिखा शेजारी ठेवून वाचावी. सेलाचे ब्रिउएगा वाचताना १९३७ चा मार्च आणि एन्त्रेपेन्यासचे पाणी दोन्ही ध्यानात असावे.

आज एखादा तरुण पाठीवर पिशवी घेऊन सोरियातल्या चौकात उतरेल आणि त्याला ती दुपार सुंदर वाटेल. ती सुंदर असतेच. त्याने बाकावरच्या वृद्धापाशी बसावे आणि १५७५ च्या त्या प्रश्नावलीतला प्रश्न विचारावा : पूर्वी येथे घरे किती होती, आता किती आहेत, आणि कशामुळे? साडेचारशे वर्षांपूर्वी गावातल्या दोन जाणत्या माणसांनी त्याचे उत्तर कागदावर लिहवून दिले होते. बाकावरच्या माणसालाही ते ठाऊक असते. त्याला घरागणिक नावे सांगता येतात, कोण कोणत्या वर्षी बिल्बाओला गेला आणि कोण जर्मनीला, हेही सांगता येते.